रिमिनीचा हत्ती, उर्बिनोचा गरुड

१४४५ सालच्या जानेवारीत पेझारोचा सत्ताधीश गालेआत्सो मालातेस्ता याने आपलं राज्य विकून टाकलं. लढाईत हरून नव्हे, की प्रजेच्या बंडाला घाबरून नव्हे. पोटी मुलगा नाही, तिजोरीत खडखडाट आणि चारी बाजूंनी शेजारी टपलेले, अशा अवस्थेत त्याने हिशेब केला आणि मोकळा झाला. समुद्रकाठचं पेझारो २०,००० फ्लोरिनांच्या बदल्यात त्याचा नातजावई आलेस्सांद्रो स्फोर्झा याच्या पदरात पडलं. मेताउरो नदीच्या खोऱ्यातलं फोस्सोम्ब्रोने १३,००० फ्लोरिनांना उर्बिनोच्या फेदेरिको दा मोंतेफेल्त्रोने घेतलं. सौदा जुळवून आणण्यातही फेदेरिकोच पुढे होता.

या सौद्याची बातमी रिमिनीत पोचली, तेव्हा सत्तावीस वर्षांचा सिजिस्मोन्दो पांदोल्फो मालातेस्ता संतापाने वेडापिसा झाला. त्याला कारणही तसंच होतं. आद्रियातिक समुद्राच्या काठाने उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालं की आधी रिमिनी लागतं, मग पेझारो, मग फानो. रिमिनी आणि फानो सिजिस्मोन्दोची, मधलं पेझारो त्याच्या भाऊबंदाचं. निपुत्रिक गालेआत्सोमागे ते आपल्याकडेच येणार आणि सलग किनारा आपल्या हाती लागणार, हे सिजिस्मोन्दोने गृहीत धरलं होतं. शिवाय तो स्फोर्झांचा जावई होता. आलेस्सांद्रोचा भाऊ फ्रान्चेस्को स्फोर्झा, पुढे मिलानचा ड्यूक झालेला, हा त्याचा सासरा. म्हणजे सासरच्यांनी मुलूख तोडला, भाऊबंदाने तो विकला आणि मधला भाव ठरवला तो हाडवैऱ्याने. इथून पुढची अठरा वर्षं मध्य इटलीच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यात जे रक्त सांडलं, त्याचं मूळ या खरेदीखतात आहे.

मूळ म्हटलं तरी वैर त्याहून जुनं होतं. मालातेस्ता घराण्याने रिमिनीत पाय रोवले ते १२९५ साली. मालातेस्ता दा व्हेरुक्किओ नावाच्या कडव्या म्हाताऱ्याने त्या वर्षी शहरातल्या विरोधी पक्षाला कापून काढलं. हा पोपच्या बाजूचा, ग्वेल्फ. डोंगरातले मोंतेफेल्त्रो सम्राटाच्या बाजूचे, घिबेलिन. दोन्ही घराण्यांना दान्तेने आपल्या महाकाव्यात जागा दिली, ती बहुतेक नरकात. व्हेरुक्किओच्या म्हाताऱ्याच्या जान्चोत्तो नावाच्या लंगड्या मुलाचं लग्न राव्हेन्नाच्या फ्रान्चेस्काशी झालं होतं. ती धाकट्या दिराच्या, देखण्या पाओलोच्या प्रेमात पडली आणि नवऱ्याने दोघांना ठार केलं. पाओलो आणि फ्रान्चेस्का आजही जगभर ओळखीचे आहेत ते दान्तेमुळे. त्याच नरकात आणखी खाली मोंतेफेल्त्रोंचा ग्विदो ज्वाळेत गुंडाळलेला भेटतो. त्याचा मुलगा बुओनकोन्ते १२८९ साली काम्पाल्दिनोच्या लढाईत पडला. त्या लढाईत तरुण दान्ते स्वतः समोरच्या फौजेत होता.

ही घराणी राजे नव्हती. कागदोपत्री हा सगळा मुलूख पोपचा. पोपने त्यांना आपले प्रतिनिधी म्हणून सनद द्यायची आणि त्यांनी दरसाल ठरलेली रक्कम रोमला भरायची, अशी व्यवस्था. मालातेस्तांना ही सनद १३५५ मध्ये मिळाली. पोप दुबळा असला की हे मांडलिक स्वतंत्र राजासारखे वागत. पोप खमक्या निघाला की त्याला सनद रद्द करायची आठवण होई. गावांचा महसूल बेताचा, त्यामुळे पोटापाण्याचा खरा धंदा म्हणजे भाड्याने फौज पुरवणं. मिलान, व्हेनिस, फ्लोरेन्स, नेपल्स आणि पोप या पाच मोठ्या सत्तांपैकी कोणाशीतरी मुदतीचा करार करायचा, आगाऊ पैसे घ्यायचे, घोडेस्वार आणि पायदळ घेऊन जायचं. करार संपला की दुसरा. काल ज्याच्याकडून लढलो त्याच्याविरुद्ध आज लढणं यात कोणाला काही गैर वाटत नसे. अट एकच होती, करार चालू असताना फिरायचं नाही.

सिजिस्मोन्दो आणि फेदेरिको दोघेही या धंद्यातले अव्वल गडी, आणि दोघेही अनौरस. सिजिस्मोन्दोचा जन्म १४१७ चा, ब्रेशातला. पंधराव्या वर्षी तो रिमिनीचा धनी झाला. पुढच्याच वर्षी रोमहून परतणाऱ्या सम्राट सिगिस्मुंडने रिमिनीत थांबून त्याला सरदारकी बहाल केली. फेदेरिको पाच वर्षांनी लहान, १४२२ चा. उर्बिनोच्या गादीवर त्याचा हक्क नव्हताच, कारण बापाला उशिरा औरस मुलगा झाला होता. हा ओद्दान्तोनिओ १४४३ मध्ये गादीवर आला, पोपकडून ड्यूकची पदवी मिळवली आणि दीड वर्षातच, १४४४ च्या जुलैमधल्या एका रात्री, राजवाड्यात मारला गेला. मारेकरी उर्बिनोचेच नागरिक होते. दुसऱ्या दिवशी फेदेरिको वेशीवर हजर. नागरिकांनी दरवाजा उघडण्याआधी त्याच्याकडून लेखी अटी मान्य करून घेतल्या: मारेकऱ्यांना शिक्षा करायची नाही, कर हलके करायचे. त्याने सही केली आणि आत आला.

भावाच्या खुनात फेदेरिकोचा हात होता का, हा प्रश्न तेव्हाही कुजबुजला गेला. पुरावा कोणाला मिळाला नाही. सिजिस्मोन्दोवर मात्र पुढे जे आरोप झाले, त्यांनाही पुरावा नव्हता, तरी ते पाचशे वर्षं टिकले. या दोघांच्या गोष्टीतली खरी खोच इथे आहे. करणी जवळजवळ सारखी आणि कीर्ती मात्र दोन टोकांची.

सिजिस्मोन्दोने आयुष्यातली सर्वांत महागडी चूक केली ती १४४७ च्या सुमारास. नेपल्सचा राजा आल्फोन्सो याने त्याला करारबद्ध केलं होतं आणि मोठी आगाऊ रक्कम मोजली होती. सिजिस्मोन्दोने पैसे घेतले आणि फ्लोरेन्सला जाऊन मिळाला. १४४८ मध्ये आल्फोन्सोने पिओम्बिनोला वेढा घातला होता, तो उठवण्यात त्याने मोठा वाटा उचलला. फ्लोरेन्स वाचलं, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण आल्फोन्सोने हा दगा मरेपर्यंत विसरायचा नाही असं ठरवलं. १४५४ मध्ये लोदीचा तह झाला आणि इटलीतल्या सत्तांनी एकमेकांना अभय दिलं, तेव्हा आल्फोन्सोने या तहात येताना स्पष्ट अट घातली: सिजिस्मोन्दोला यातून वगळा. जवळजवळ सगळ्या इटलीत शांतता आणि रिमिनीवर मात्र कोणीही केव्हाही चालून जावं, अशी विचित्र स्थिती झाली. फेदेरिकोला आणखी काय हवं होतं? तो आधीच आल्फोन्सोच्या चाकरीत होता. फेदेरिकोने आयुष्यात कितीदा बाजू बदलली हे मोजायला गेलं तर सिजिस्मोन्दोपेक्षा फार कमी भरणार नाही. पण मुदत संपेपर्यंत थांबायचं भान त्याला होतं. पगार देणाऱ्यांच्या जगात तेवढ्यावर माणूस प्रामाणिक ठरत असे.

दरम्यान रिमिनीत बांधकामं चालू होती. १४३७ मध्ये सिजिस्मोन्दोने शहरातल्या जुन्या वाड्यांच्या जागी किल्ला उभारायला घेतला. दुसऱ्या वर्षी फ्लोरेन्सच्या घुमटाचा कर्ता ब्रुनेलेस्की सल्ल्यासाठी येऊन गेला. १४४६ मध्ये किल्ला पुरा झाल्याचं सिजिस्मोन्दोने जाहीर केलं. आपली छबी असलेली काशाची पदकं पाडून घ्यायची आणि ती भिंतींच्या पोटात पुरायची, ही त्याची हौस. इमारत ढासळली तरी कोणी बांधली हे कळावं, हा हेतू. तशी पदकं पुढे खरोखरच सापडली.

मग त्याने सान फ्रान्चेस्को हे फ्रान्सिस्कन पंथाचं साधं विटांचं चर्च हाती घेतलं. लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती या स्थापत्यज्ञाने जुन्या चर्चवर संगमरवरी चोळा चढवायची योजना केली. रिमिनीत इसवीसनापूर्वी २७ मध्ये उभारलेली सम्राट ऑगस्टसची कमान आहे. तिच्या धर्तीवर दर्शनी भाग, आणि बाजूच्या भिंतींत ओळीने कमानी, प्रत्येक कमानीत एका विद्वानासाठी दगडी शवपेटिका. आत आगोस्तिनो दी दुच्चोने ग्रह, राशी, कला आणि विद्या यांच्या आकृत्या अशा कोरल्या की वस्त्रांच्या चुण्या दगडात वाहत्या वाटतात. खांबांच्या तळाशी हत्ती, कारण हत्ती हे घराण्याचं चिन्ह. भारतीय हत्ती डासांना भीत नाही, असं त्यांचं लॅटिन ब्रीद होतं. डास म्हणजे कोण, हे शेजाऱ्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. संगमरवराचा काही भाग राव्हेन्नाजवळच्या सहाव्या शतकातल्या सान्त अपोल्लिनारे चर्चमधून उचलून आणला होता. त्यावरून तक्रारीही झाल्या. धन्याची घाई, दगडाची टंचाई, असं ते काम होतं.

याच चर्चमधलं एक भित्तिचित्र जरा थांबून पाहण्यासारखं आहे. १४५१ मध्ये पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने ते काढलं. सिजिस्मोन्दो आपल्या नावाच्या संतापुढे गुडघे टेकून बसला आहे. चेहरा एका बाजूने दिसतो: कापलेले केस, बारीक ओठ, जडावलेली पापणी, प्रार्थनेसाठी जोडलेले हात. त्याच्या मागे दोन शिकारी कुत्रे बसले आहेत, एक पांढरा आणि एक काळा, परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून. उजव्या कडेला गोल खिडकीत नवा किल्ला. चित्र धार्मिक आहे, पण त्यात संतापेक्षा भक्ताकडे नजर जाते. पिएरोची सगळी थंड, मोजून घेतलेली स्तब्धता इथे एका तापट माणसाच्या कामी आली आहे. हाच पिएरो पुढे फेदेरिकोचं व्यक्तिचित्र काढणार होता.

१४५४ मध्ये सिएनाच्या प्रजासत्ताकाने सिजिस्मोन्दोला पितिल्यानोच्या काउंटविरुद्ध लढायला नेमलं. त्याने सोरानोच्या गढीला वेढा घातला, पण काम रेंगाळलं. शत्रूशी त्याचं आतून बोलणं चालू असल्याचा सिएनाकरांना संशय आला. डिसेंबरमध्ये त्यांनी त्याच्या तळावरची टपालाची थैली जप्त केली. फितुरीचा पुरावा मिळेल म्हणून त्यांनी ती पत्रं जपून ठेवली, आणि त्यातली काही आजही सिएनाच्या दफ्तरखान्यात आहेत.

त्या थैलीत काय निघालं? चर्चच्या बांधकामावरचे कारागीर लिहितात की छपराचं काय करायचं ते कळवा, आल्बेर्तींकडून आलेली आकृती आणि जागेवरचं माप जुळत नाही, दगड अजून पोचला नाही. घरून खुशाली येते. लहानगा साल्लुस्तिओ बापाने पाठवलेल्या तांबूस तट्टाबद्दल आभार मानतो. अर्थात पत्र त्याच्या वतीने कोणी मोठ्याने लिहून दिलेलं. ते तट्टू किती सुरेख आहे, आपण त्यावर कसे बसणार आहोत, हे त्यात अगदी रीतसर भाषेत येतं. साल्लुस्तिओ हा इसोत्ता देली आत्तीचा मुलगा. इसोत्ता ही रिमिनीतल्या सधन घरातली मुलगी. आधी सिजिस्मोन्दोची प्रेयसी, पुढे तिसरी पत्नी. एका रणांगणावर, हिवाळ्यात, पगार अडकलेला असताना हा माणूस खांबांच्या मापांची आणि पोराच्या घोड्याची पत्रं वाचत होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आल्बेर्तीने रोमहून कामावरच्या मात्तेओ दे पास्तीला लिहिलेलं पत्रही सुदैवाने वाचलं आहे. अर्धखांबांची प्रमाणं बदललीस तर सगळा सूर बिघडेल, असं तो बजावतो. पण थैलीतल्या पत्रांइतकं सिजिस्मोन्दोला जवळून दाखवणारं दुसरं काही नाही, आणि ती आपल्यापर्यंत पोचली ती केवळ शत्रूंनी त्याची टपाल-थैली पळवली म्हणून.

पण ही थैली पळवण्याचा दुसरा परिणाम त्याला फार जड गेला. सिएनाचा तेव्हाचा बिशप होता एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी. कवी, मुत्सद्दी, बहुश्रुत माणूस आणि कट्टर सिएनाकर. आपल्या गावाला या भाडोत्री सरदाराने फसवलं, हे त्याने मनात ठेवलं. चार वर्षांनी, १४५८ मध्ये, तो पोप दुसरा पायस झाला.

त्याआधी एकदा समेटाचा प्रयत्न झाला होता. १४५७ च्या मे महिन्यात फेर्राराच्या बोर्सो देस्तेने सिजिस्मोन्दो आणि फेदेरिको या दोघांना आपल्या बेल्फिओरेच्या महालात समोरासमोर बसवलं. बोलणी सुरू झाली ती जुन्या उणंदुण्यांवरच घसरली. पत्रं दाखवली गेली, कोणी कोणाविरुद्ध कट केला याची उजळणी झाली. शेवटी एकाने दुसऱ्याची आतडी बाहेर काढायची भाषा केली आणि दुसऱ्यानेही तेच उत्तर दिलं. बोर्सोने मध्ये पडून दोघांना आवरलं. त्याच वर्षी फेदेरिको आणि सेनापती याकोपो पिच्चिनिनो आल्फोन्सोच्या पैशावर मालातेस्तांच्या मुलखात शिरले आणि गढ्यांमागून गढ्या घेत सुटले.

नवा पोप मध्यस्थ म्हणून पुढे आला. त्याने घातलेल्या अटी सिजिस्मोन्दोला नागवणाऱ्या होत्या. त्याने त्या नाइलाजाने मान्य केल्या आणि संधी मिळताच मोडल्या. नेपल्सच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या फ्रेंच आंजू घराण्याला तो जाऊन मिळाला. मग पायसने हाती असलेली सगळी हत्यारं बाहेर काढली आणि आरोपांची झड लावली. पहिली पत्नी जिनेव्ह्रा देस्ते १४४० मध्ये वारली, तिला विष घातलं. दुसरी पोलिस्सेना १४४९ मध्ये वारली, तिचा गळा दाबला. एका जर्मन यात्रेकरू सरदारणीवर अत्याचार केला. चर्च बांधायच्या नावाखाली मूर्तिपूजकांचं देऊळ बांधलं. देव मानत नाही, आत्मा मानत नाही. यादी लांबत गेली. पोलिस्सेनाच्या मृत्यूच्या वेळी तिच्या बापाने, म्हणजे फ्रान्चेस्को स्फोर्झासारख्या समर्थ माणसाने, जावयाविरुद्ध शस्त्र उचललं नव्हतं, हे ध्यानात घेतलं तर या आरोपपत्राचं वजन कळतं. आपल्या आठवणींत पायसने सिजिस्मोन्दोच्या विद्वत्तेची, वक्तृत्वाची आणि शरीरबळाची तारीफ केली आहे, आणि लगेच त्याला मानवजातीचा कलंक ठरवलं आहे. पोपची लेखणी सुंदर होती. म्हणूनच तिने केलेलं नुकसान खोल गेलं.

१४६२ च्या एप्रिलमध्ये रोममध्ये पूर्वी कधी न झालेली एक गोष्ट झाली. हयात माणसाला संत ठरवत नाहीत; सिजिस्मोन्दोला मात्र हयातीतच नरकवासी ठरवण्यात आलं. पाओलो रोमानो या शिल्पकाराने पैसे घेऊन त्याचा पुतळा बनवला, कपडे आणि चेहरा हुबेहूब. सेंट पीटरच्या पायऱ्यांसमोर चिता रचली. पुतळ्याच्या तोंडातून निघालेल्या पट्टीवर तो फितुरांचा राजा असल्याचं लिहिलं होतं. मग आग लावली. बातमी इटलीभर पसरावी, अशीच ती सगळी योजना होती.

तरीही तो सहजासहजी आटोपला नाही. आदल्याच वर्षी, १४६१ च्या जुलैत, निदास्तोरेजवळ त्याने पोपच्या मोठ्या फौजेचा तळ उधळून लावला होता. त्याच वर्षीचा आणखी एक उद्योग त्याला फार महागात पडू शकला असता. तुर्कांच्या सुलतान मेहमदला, कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या त्या मेहमदला, आपलं चित्र काढून हवं होतं. सिजिस्मोन्दोने पदकं घडवणारा मात्तेओ दे पास्ती त्याच्याकडे रवाना केला आणि सोबत भेट म्हणून आपल्या पदरच्या रोबेर्तो व्हाल्तुरिओचा युद्धशास्त्रावरचा ग्रंथ दिला. त्यात वेढ्याची यंत्रं, तोफा, शिड्या, पूल यांच्या आकृत्या होत्या. मात्तेओला व्हेनिसच्या लोकांनी क्रीट बेटावर पकडलं. ख्रिस्ती जगाच्या शत्रूला लष्करी गुपितं पुरवली, हा आरोप आता यादीत आणखी एक. हाच ग्रंथ १४७२ मध्ये व्हेरोनात छापला गेला. यंत्रांच्या आकृत्यांसह छापलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते.

निकाल लागला तो १४६२ च्या ऑगस्टमध्ये. सिजिस्मोन्दोने सेनिगाल्लिया घेतलं आणि त्याच दिवशी फेदेरिको फौजेसह समोर येऊन ठाकला. शत्रू भारी आहे हे पाहून सिजिस्मोन्दो अंधारात सैन्य काढून घ्यायला निघाला. फेदेरिकोने रात्रीच पाठलाग केला आणि चेझानो नदीपाशी त्याला गाठलं. मालातेस्तांची फौज तिथे फुटली. सहा दिवसांनी दक्षिणेत त्रोइया इथे आंजूंचाही पराभव झाला आणि बाहेरून मदत यायची आशा संपली. पुढच्या वर्षी फेदेरिकोने फानोला वेढा घातला. आत सिजिस्मोन्दोचा अनौरस मुलगा रोबेर्तो लढत होता, वय विशीचं. त्याने महिनोन्महिने शहर लढवलं. २५ सप्टेंबर १४६३ ला फानो पडलं.

तहात सिजिस्मोन्दोकडे रिमिनी आणि भोवतालचा थोडा मुलूख उरला, तोही हयातीपुरता. बाकीच्याची वाटणी पाहण्यासारखी आहे. फेदेरिकोला डोंगरातले किल्ले मिळाले. सेनिगाल्लिया गेलं पोपच्या भाच्याकडे, आन्तोनिओ पिक्कोलोमिनीकडे. आरोप करणारा, निवाडा देणारा आणि जप्तीचा माल वाटणारा एकच होता. पोपच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सान मारिनोच्या चिमुकल्या प्रजासत्ताकालाही सेर्राव्हाल्ले, फिओरेन्तिनो आणि मोन्तेजार्दिनो ही गावं मिळाली, फाएतानो आपणहून येऊन मिळालं. सान मारिनोची सीमा तेव्हापासून बदललेली नाही. आजचा पर्यटक या देशाची हद्द ओलांडतो ती १४६३ च्या त्या वाटणीत आखलेली.

पैशाची गरज आणि लढायची खुमखुमी या दोन्हींमुळे सिजिस्मोन्दो १४६४ मध्ये व्हेनिसच्या चाकरीत तुर्कांविरुद्ध ग्रीसला गेला. मिस्त्राचा बालेकिल्ला त्याला घेता आला नाही. परत येताना त्याने बरोबर आणल्या त्या प्लेथॉन या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या अस्थी. प्लेटोचं तत्त्वज्ञान इटलीतल्या विद्वानांपुढे नव्याने मांडणारा हा माणूस. त्याच्या अस्थी रिमिनीच्या चर्चच्या बाहेरच्या कमानीतल्या एका शवपेटिकेत ठेवल्या गेल्या, त्या तिथेच आहेत. चर्चचं काम मात्र थांबलं ते थांबलंच. सिजिस्मोन्दोच्या पदकावर कोरलेला चर्चचा भव्य घुमट कधी उभा राहिला नाही, आणि दर्शनी भागाच्या माथ्यावर विटांची जुनी भिंत अजून उघडी दिसते.

त्यानंतरच्या पोपने, दुसऱ्या पॉलने, रिमिनीच्या बदल्यात दुसरी गावं घ्यायचा प्रस्ताव पुढे केला. सिजिस्मोन्दो अंगात कट्यार लपवून रोमला गेला म्हणतात. पोपने त्याला एकट्याने भेटायचं टाळलं आणि कार्डिनलांच्या घोळक्यात दर्शन दिलं. तिथे त्याचा धीर सुटला आणि तो पायांवर पडला. १४६८ च्या ऑक्टोबरात, एक्कावन्न वर्षांचा होऊन, तो रिमिनीत वारला.

आता रिमिनी रोमच्या घशात जाणार हे उघड होतं, आणि इथेच गोष्टीने असं वळण घेतलं की दोन्ही घराण्यांच्या पूर्वजांनी कपाळाला हात लावला असता. रोबेर्तोने पोपला शब्द दिला की मला जाऊ द्या, रिमिनी तुमच्या हवाली करतो. तो गेला, शहरात शिरला आणि शहर स्वतःकडेच ठेवून बसला. पोपने फौज धाडली. रोबेर्तोच्या मदतीला धावून आला तो फेदेरिको! समोर पोपच्या बाजूने होता आलेस्सांद्रो स्फोर्झा, पेझारो विकत घेणारा तोच, आणि आता फेदेरिकोचा सासरा. ३० ऑगस्ट १४६९ रोजी मुलात्सानोला फेदेरिकोने सासऱ्याच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि रिमिनी मालातेस्तांकडे राहिलं. फेदेरिकोला उमज पडली होती. मालातेस्ता बलाढ्य असणं जितकं धोक्याचं, तितकंच ते नष्ट होऊन पोप थेट दाराशी येणंही धोक्याचं. शेजारी दुबळा पण जिवंत हवा. पुढे त्याने आपली मुलगी एलिसाबेत्ता रोबेर्तोला दिली. इसोत्ता आणि साल्लुस्तिओ या हिशेबात कुठेच नव्हते. तांबूस तट्टावर बसणारा तो मुलगा १४७० मध्ये रिमिनीत मारला गेला, आणि त्याचा सर्वांत मोठा फायदा झाला तो रोबेर्तोचा.

फेदेरिकोची कीर्ती याच काळात कळसाला पोचली. उर्बिनोचा राजवाडा, त्यातली लाकडी जडावकामाची अभ्यासिका, नऊशेहून अधिक हस्तलिखितांचं ग्रंथालय. तीसहून जास्त नकलाकार त्याच्यासाठी लिहीत होते. छापील पुस्तक ठेवायची त्याला लाज वाटली असती, असं त्याला ग्रंथ पुरवणारा व्हेस्पासियानो सांगतो. पिएरोने काढलेलं त्याचं चित्र फ्लोरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात आहे: डावी बाजू, लाल टोपी, नाकाच्या मुळाशी खाच, मागे धुक्यातला आपला मुलूख. उजवा डोळा द्वंद्वाच्या खेळात गेला होता, म्हणून ती बाजू कधी रंगवायची नाही. समोर पत्नी बात्तिस्ता स्फोर्झाचं चित्र. ती गालेआत्सो मालातेस्ताची पणती. ज्याने पेझारो विकलं, त्याचंच रक्त.

या सुसंस्कृत माणसाने १४७२ मध्ये फ्लोरेन्ससाठी व्होल्तेर्रा सर केलं. शरण आलेल्या शहराला अभय मिळालं होतं, तरी सैन्याने ते लुटलं. त्या लुटीतून एक देखणं हिब्रू बायबल उर्बिनोच्या ग्रंथालयात दाखल झालं. १४७४ मध्ये पोप चौथ्या सिक्स्टसने त्याला ड्यूक केलं आणि आपल्या पुतण्याचं लग्न त्याच्या मुलीशी लावलं. चार वर्षांनी, २६ एप्रिल १४७८ ला, फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये पात्सी घराण्याच्या कटवाल्यांनी शहरावर वर्चस्व असलेल्या मेदिची घराण्यातल्या जुलिआनोला भोसकून मारलं. फेदेरिकोचं नाव या प्रकरणात शतकानुशतकं आडोशाला राहिलं. २००४ मध्ये इतिहासकार मार्चेल्लो सिमोनेत्ता यांनी उर्बिनोतल्या एका खासगी संग्रहातलं त्याचं सांकेतिक लिपीतलं पत्र उलगडून प्रसिद्ध केलं. कटाच्या दोन महिने आधीचं ते पत्र सांगतं की फेदेरिको यात आकंठ बुडालेला होता आणि काम झालं की शहरात शिरायला ६०० सैनिक तयार ठेवणार होता. सिजिस्मोन्दोची चोरलेली पत्रं त्याच्या शत्रूंनी लगेच वाचली. फेदेरिकोचं पत्र वाचायला जगाला सव्वापाचशे वर्षं लागली.

सासरा-जावई पुढे एका युद्धात समोरासमोरच्या बाजूंना आले. १४८२ च्या फेर्रारा युद्धात फेदेरिको फेर्राराच्या बचावाला, तर रोबेर्तो व्हेनिस आणि पोपच्या बाजूला होता. २१ ऑगस्टला रोबेर्तोने रोमच्या दक्षिणेला काम्पोमोर्तोच्या दलदलीत नेपल्सच्या फौजेचा पराभव करून पोपची राजधानी वाचवली. ज्याच्या बापाचा पुतळा सेंट पीटरसमोर जाळला होता, तोच आता रोमचा तारणहार. तीन आठवड्यांच्या आत, १० सप्टेंबरला, तो रोममध्ये आजारपणाने वारला. त्याच दिवशी फेर्राराच्या बाजूला दलदलीच्या तापाने फेदेरिको गेला. रोबेर्तोचं दफन सेंट पीटरमध्ये झालं. त्याच्या थडग्यावरचं अश्वारूढ शिल्प आज पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये आहे.

रोबेर्तोचा मुलगा पांदोल्फो याच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १५०० मध्ये चेझारे बोर्जियाने त्याला हाकललं. १५०३ मध्ये परत आला तेव्हा गाव राखणं झेपणार नाही हे त्याने ओळखलं आणि रिमिनी व्हेनिसला देऊन मोबदल्यात चित्तादेल्ला हे आडबाजूचं गाव पदरात पाडून घेतलं. नंतर त्याने आणि त्याच्या मुलाने रिमिनी परत घ्यायचे प्रयत्न केले, ते १५२८ पर्यंत संपले आणि शहर पोपच्या राज्यात विलीन झालं. फेदेरिकोचा एकुलता औरस मुलगा ग्विदोबाल्दो १५०८ मध्ये निपुत्रिक गेला. उर्बिनो त्याच्या बहिणीच्या मुलाकडे, देल्ला रोव्हेरे घराण्याकडे आलं आणि तो वंशही खुंटल्यावर १६३१ मध्ये तेही पोपच्या राज्यात गेलं. १६५७ मध्ये सातव्या अलेक्झांडर पोपने फेदेरिकोचा ग्रंथसंग्रह रोमला नेला. व्होल्तेर्राचं ते बायबलही त्याबरोबर गेलं.

सिजिस्मोन्दोच्या धाकट्या भावाची, चेझेनाच्या मालातेस्ता नोव्हेल्लोची पुस्तकं मात्र गावातच राहिली. पायांनी अधू झालेल्या या भावाने लढाया सोडून १४५४ मध्ये फ्रान्सिस्कन मठात ग्रंथालय उघडलं आणि त्याची देखरेख मठाबरोबर नगरसभेच्याही हाती दिली. १४६५ मध्ये तो वारल्यावर चेझेना पोपकडे गेलं, पण नगरसभेने ग्रंथालयावरचा आपला हक्क सोडला नाही. ५८ लाकडी बाकं, त्यांना साखळ्यांनी बांधलेली तीनशेहून अधिक हस्तलिखितं आणि दारावरचा मालातेस्तांचा हत्ती हे सगळं जागच्या जागी आहे, आणि त्याचा कारभार आजही नगरपालिकाच पाहते.